फार्गो घ्यावी की भंगारात जाऊ द्यावी? प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

भिलवडीच्या अलीकडे नदीकाठच्या वस्तीवर एक जुनी फार्गो (मालट्रक) उभी आहे, हे बरेच दिवस कानावर होतं. आज जाऊन बघितली. गोठ्याच्या मागं पत्र्याची शेड आहे. निम्म्या शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्या आणि उरलेल्या निम्म्यात ही गाडी, लांब नाकाची. बॉनेट, दोन्ही मडगार्ड आणि पुढची जाळी जागेवर. केबिन मात्र लाकडी, वरून पत्रा ठोकलेली. हौद्याच्या फळ्या कधीच चुलीत गेल्या, फाळक्याच्या बिजागऱ्या तेवढ्या राहिल्या.

घरच्या काकू म्हणाल्या, "सासऱ्यांची गाडी. हरिपूरची हळद आणि कोल्हापूरचा गूळ हिनंच वाहिला. आता पोरगं म्हणतंय काढून टाका." पोरगं पुण्यात असतं. फोनवर बोललो. चार लाख म्हणाले, "पेपर सगळे आहेत, विंटेज गाडी आहे." शिवाय, एक भंगारवाला मागं लागलाय हेही त्यांनी ऐकवलं. लागला असेलच. अडीच-तीन टन लोखंड उभं आहे, त्याला दुसरं काय दिसणार?

मी काही संग्राहक नाही. कुपवाड एमआयडीसीत बोरिंग आणि ग्राइंडिंगचं छोटं युनिट आहे. जुनी इंजिनं रोज टेबलावर येतात, म्हणून इंजिनाची भीती नाही. बाकी सगळ्याची आहे. घ्यायची की नाही ते ठरेपर्यंत इथं लिहीत जाणार.

१५ जानेवारी

संध्याकाळी जुनी माहिती काढत बसलो. फार्गो, डॉज आणि डिसोटो ही अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीची नावं. ट्रक जवळपास एकच. जाळी आणि नावाची पट्टी बदलायची आणि वेगवेगळ्या विक्रेत्यांमार्फत विकायचा. आपल्याकडं तो कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं आणला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ती कंपनी काढली आणि १९४७ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. सांगलीच्या माणसाला वालचंद हे नाव इंजिनिअरिंग कॉलेजच्या कमानीवर आधी दिसतं आणि गाडीवर नंतर.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की हवी. त्या काळात आपल्याकडं बहुतेक ट्रक काउल चेसिस म्हणून विकले जात. कंपनी चेसिस, इंजिन, बॉनेट आणि मडगार्ड देणार. मागची केबिन आणि हौदा मालकानं सुतार-लोहाराकडून बांधून घ्यायचा. म्हणजे या गाडीची कंपनीची केबिन हरवलेली नाही, ती मुळात नव्हतीच. मोठा भार उतरला. लाकडी केबिन सागवानात पुन्हा बांधणारे सुतार मिरजेत आजही मिळतील. पुढचा पत्रा मात्र गेला की गेला. त्या बॉनेटचा बाक हातानं ठोकून आणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

१९ जानेवारी, रविवार

नानांना घेऊन गेलो. नाना म्हणजे मिरजेचे जुने डिझेल मिस्त्री. मी लेथवर उभा राहायला शिकायच्या आधीपासून ते पर्किन्सची डिझेल इंजिनं खोलतायत. टॉर्च, एक पौंडाची हातोडी, चुंबक, वायरब्रश आणि इंची पाने घेतले. पाने इंचीच लागतात. मिलिमीटरचा पाना घातला की नट गोल होतो, मग छिन्नीशिवाय इलाज नाही.

आधी भिंत बघितली. शेडच्या विटांवर गाळाच्या रेषा आहेत. सगळ्यांत वरची २०१९ ची, असं काकू म्हणाल्या. त्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं; तिथं धोक्याची पातळी ४५ धरतात. २००५ आणि २०२१ च्या रेषा त्याखाली. टेप लावला. सगळ्यांत वरची रेषा गाडीच्या दिव्यांच्या जरा खाली येते. म्हणजे गिअर बॉक्स, हाउसिंग आणि चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) पूर्ण पाण्यात, इंजिनाचं हेड मात्र बाहेर. हे कळल्यावर पुढची सगळी तपासणी त्या रेषेच्या हिशेबानं केली.

चेसिसची पट्टी उघड्या सी आकाराची, त्यामुळं गाळ साचून राहिलेला नाही. जिथं आतून दुसरी पट्टी रिव्हेट केलीय तिथं दोन्हींच्या मध्ये गंज फुगलाय. नानांनी मागून पुढं हातोडी वाजवत आणली. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ तो बद्द झाला. साधारण हातभर तुकडा काढून नवा बसवावा लागेल. बाकी ठीक.

मडगार्डांवर चुंबक फिरवलं. डाव्या मडगार्डाच्या खालच्या कडेला ते चिकटेना, तिथं पत्रा कमी आणि लांबी (भरलेली पुटी) जास्त. उजवं पूर्ण पत्र्याचं. नखानं रंगाचा पापुद्रा उचलला तर वर निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली शेवाळी हिरवा.

मग नाना गाडीखाली गेले आणि चेंबरचा नट सैल केला. सगळ्यांत खाली काय आहे ते सगळ्यांत आधी बाहेर येतं. आधी पाणी आलं, चक्क नितळ, तांब्याभर असेल. मग थोडा तपकिरी चिखल. मग एकदम काळं ऑइल, दाट आणि संथ. नानांनी ते बोटांत चोळलं, वास घेतला आणि म्हणाले, "ऑइल बरंच हाय. वरचं वाचलं असंल. खालचं बघाय लागंल." गिअर बॉक्समधून निघालेला गाळ मात्र कुंभाराला देण्याजोगा होता.

इंजिन पर्किन्सचं पी-सिक्स, सहा सिलिंडरचं. साडेतीन इंची बोअर, पाच इंची स्ट्रोक, ४.७३ लिटर. आपल्याकडं पर्किन्स बनवणाऱ्या मद्रासच्या सिम्पसनची पितळी पट्टी शाबूत आहे. पण हे इंजिन या चेसिसमध्ये जन्मलेलं नाही. क्रॉस मेंबरवर जुन्या माउंटिंगची रिकामी भोकं दिसतात आणि पर्किन्सचे ब्रॅकेट बाजूला नवीन भोकं पाडून बसवलेत. डॅशबोर्डातला ॲमीटर ६ व्होल्टच्या जमान्यातला आणि स्टार्टर १२ व्होल्टचा. गाडी पेट्रोलची होती, नंतर डिझेल केली. तेव्हा सर्रास करत. क्रायस्लरचं पेट्रोल इंजिन घाटात इतकं प्यायचं की हळदीचं भाडं त्यातच जायचं.

निघताना चाकाचा एक नट खोलून बघावा म्हणून मी डाव्या बाजूला पाना लावला. नाना हसले, "उलटा फिरव." स्टडच्या तोंडावर एल अक्षर ठोकलेलं होतं. त्या काळातल्या क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या चाकांना डाव्या आट्याचे नट असत, म्हणजे चाक फिरताना ते सैल होऊ नयेत. नाना म्हणाले, नवीन क्लीनरनं पहिल्याच दिवशी दोन-तीन स्टड मोडायचे असा तेव्हा नियमच होता.

२३ जानेवारी

सुट्या भागांची चौकशी. टायर ८.२५-२० अजून नवे मिळतात. पी-सिक्सचे पिस्टन आणि रिंगा जुन्या दुकानांत सांगून ठेवल्या तर मिळतील. ही इंजिनं बोटींत, ट्रॅक्टरांत आणि पंपांवरही चालली, म्हणून माल अजून कुठं कुठं पडून आहे. ब्रेक हायड्रॉलिक आहेत. रबर गेलंच असणार, सिलिंडरांना आतून स्लीव्ह मारून घेऊ. ते माझ्याच टेबलावरचं काम. वॉटर पंपाची बॉडी मात्र चिरलीय आणि तशी कुणाकडं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

गेल्या आठवड्यात नोझल काढून सहाही सिलिंडरांत डिझेल आणि पातळ ऑइल ओतून आलो होतो. आज फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावली. आधी काहीच नाही. मग पाव इंच हललं आणि परत मागं आलं. असं पुढं-मागं खेळवत राहिलो. जोर लावायचा नाही, रिंगा मोडतात. जेवणाच्या वेळेपर्यंत क्रँक पूर्ण फिरला.

चेंबर उतरवलं. क्रँकच्या मागच्या बाजूच्या दोन जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांवर) गंजाचे खड्डे आहेत, नखाला लागतात. बाकी जर्नल ऑइलखाली राहिल्यानं चकचकीत. मायक्रोमीटरनं मापलं. वीस थाऊ (इंचाचे वीस हजारांश) ग्राइंड केल्यावर खड्डे जातील असा अंदाज आहे. त्या मापाची बेअरिंग मिळाली नाहीत तर शेल्सना व्हाइट मेटल ओतून बोअर करू. टायमिंगला या इंजिनात चेन असते. ती ढिली झालीय, पण तुटलेली नाही.

तर इंजिन होणार. नाना खूश. मला मात्र इंजिनाची काळजी पहिल्यापासून नव्हतीच.

५ फेब्रुवारी

कागदांचा दिवस. ओळखीचे एक निवृत्त वाहन निरीक्षक आहेत, त्यांच्यासमोर बसलो.

विंटेज, विंटेज म्हणून सगळे ओरडतात, त्याची गोष्ट अशी. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी ८१-अ पासून पुढचे नवे नियम घातले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवर गेलेली, मूळ रूपात राखलेली गाडी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात व्हीए ही अक्षरं. गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणायची. ऐकायला आपल्यासाठीच केल्यासारखं वाटतं. पण हे नियम दुचाकी आणि एम-१ वर्गातल्या बिगर-वाहतूक गाड्यांना, म्हणजे घरच्या मोटारींना, लागू आहेत. ट्रक येतो एन वर्गात, मालवाहू. त्याला त्या चौकटीत जागाच नाही.

म्हणजे १९५० च्या आसपासची डॉज मोटार असेल तर ती विंटेज. तिच्याच कंपनीचा, त्याच काळातला, तिच्यापेक्षा दहापट कष्ट केलेला ट्रक मात्र नुसता जुना ट्रक. दिवाणखान्यातल्या वस्तू जपायच्या आणि गोठ्यातल्या मोडीत काढायच्या, ही आपली जुनीच रीत आहे.

मग मालवाहू म्हणूनच नोंद जिवंत ठेवायची? तर दरवर्षी फिटनेस, परमिट, विमा. शिवाय थकलेला कर. गाडी उभी असली तरी वापरात नसल्याची सूचना वेळोवेळी दिली नसेल तर कर चढतच राहतो, वर व्याज. तीसेक वर्षांचा आकडा काढायला साहेबांनी कॅल्क्युलेटर उचलला आणि परत खाली ठेवला. "आधी कागद बघा," म्हणाले. "आणि कागद धड असले तर जास्त घाबरा."

९ फेब्रुवारी

मावसभावाचा कऱ्हाडहून फोन. तिकडं एक टाटा-मर्सिडीज निघालीय, जाळीवर तारा अजून आहे, चालू आहे, आणि किंमत आपल्या फार्गोच्या निम्मी. त्याचं म्हणणं, डोकं ठिकाणावर असेल तर ती घे.

त्याचं चुकतंय असं नाही. टेल्कोचा, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीचा, डाइमलर-बेंझशी करार १९५४ चा, पंधरा वर्षांचा. १९६९ मध्ये तो संपला, तारा गेला आणि टाटांचा टी आला, पण इंजिनांची वंशावळ पुढं चालूच राहिली. त्यामुळं त्या गाडीचा बराच माल आजही कुठल्याही तालुक्याच्या दुकानात सांगून मिळतो. फार्गोचं घराणं मात्र इथंच आटलं. आणि मला तीच हवी आहे, कारण कऱ्हाडची गाडी मी घेतली नाही तरी कुणीतरी घेईल. तारा आहे ना जाळीवर. फार्गोला भंगारवाल्याशिवाय गिऱ्हाईक नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज काकूंनी सासऱ्यांची पत्र्याची पेटी काढली. आत टायरच्या पावत्या, गुळाच्या आडतीचे कागद, एका नातवाची जन्मपत्रिका. आरसी पुस्तक नाहीच. त्याची एक झेरॉक्स आहे: नोंदणी १९५६, मेक फार्गो, इंधन पेट्रोल. डिझेल केल्याची नोंद कधी झालीच नाही. मला वाटलं, इथंच संपलं.

मग खालून एक खाकी पाकीट निघालं. त्यात १९९३ चं आरटीओ कार्यालयाचं पत्र. मालकानं गाडी वापरण्यायोग्य राहिली नसल्याचं कळवून पुस्तक जमा केलं, कर भरून झाला आहे, सबब नोंदणी रद्द करण्यात येत आहे. शिक्का आणि सही स्पष्ट. म्हातारा पक्का होता. गाडी विकायची नाही, पण सरकारला एक पैसाही जास्त द्यायचा नाही.

पत्रात चेसिस नंबर होता. चेसिसच्या पट्टीवर नंबराची जागा वायरब्रशनं घासली, रॉकेलचा बोळा फिरवला, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासत नेली. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. शेवटून तिसरा आकडा ३ की ८ यावर नाना आणि मी बराच वेळ भांडलो. तिरपा उजेड टाकल्यावर ३ ठरला. पत्रातही ३.

काकूंच्या मुलाचा फोनवर आवाज पडला. नोंदणी रद्द म्हणजे गाडीची किंमत गेली, असं त्यांना वाटलं. मी सरळ सांगितलं, "दादा, मला अशीच हवी होती. कागद जिवंत असते तर मी हात लावला नसता." भाव करताना असं बोलू नये म्हणतात. पण काकू समोर बसल्या होत्या आणि त्यांनी चहा केला होता.

२२ फेब्रुवारी

आता खरा हिशेब. रद्द नोंदणीची गाडी कायद्यानं रस्त्यावरची गाडी नाही. ती विकत घेतलेली एक वस्तू आहे. कराचं ओझं नाही, पण सार्वजनिक रस्त्यावर ती स्वतःच्या चाकांवर कधीच येणार नाही. युनिटच्या आवारात चालेल. मित्राच्या शेतात चालेल. प्रदर्शनाला न्यायची तर लो-बेड ट्रेलरवरून.

नाना नाराज. "रस्ता नसंल तर गाडी कशाला? शोकेसमधी ठेवायची तर बाहुली घ्यावी." घरातून विचारणा झाली की एवढ्या पैशांत काय काय झालं असतं. यादी लांब होती आणि पटण्यासारखी होती.

माझं मत आज जे झालंय ते लिहून ठेवतो. या गाडीनं रस्ता भरपूर बघितलाय. तिला पुन्हा खंबाटकी चढवण्यात माझा हट्ट आहे, तिची गरज नाही. इंजिन सुरू व्हावं, पहिल्या गिअरमध्ये स्वतःच्या ताकदीनं शेडमधून बाहेर यावं, एवढं झालं तरी आयटीआयच्या पोरांना दाखवायला पुष्कळ आहे. दुसरं, रस्त्याचा प्रश्न मिटला की मूळ रूपाचा प्रश्नही मिटतो. व्हीए नंबर मिळणारच नाही, मग १९५६ च्या कॅटलॉगसारखं दिसण्याचं बंधन कुणासाठी? पेट्रोल इंजिन शोधत फिरणार नाही. पर्किन्स राहील. निम्म्याहून जास्त आयुष्य तिनं त्याच इंजिनावर काढलंय.

खर्चाचा अंदाज, गाडी सोडून: इंजिन दीड लाख (माझी मजुरी न धरता), ब्रेक आणि टायर सव्वा लाख, केबिन नव्वद हजार, चेसिस आणि पत्रा साठ हजार, वाहतूक वेगळी. गाडीला दोन लाखांच्या वर द्यायचे नाहीत.

१ मार्च

भावाची बोलणी. चारवरून तीन, तीनवरून अडीच, मग दोन दिवस शांतता. भंगारवाला नव्वद हजारांवर अडलाय हे मला काकूंकडूनच कळलं होतं. एक लाख ऐंशी हजारांवर ठरलं. काकूंच्या नणंदांचं संमतिपत्र घ्या असा मीच आग्रह धरला. गाडी सासऱ्यांच्या नावावर होती, वारस तीन. एक इचलकरंजीला, एक जतला. उद्या कुणी उठून "आमच्या बापाची गाडी" म्हणायला नको. काकूंना ते लागलं जरासं, पण मुलानं समजावलं.

३० मार्च, पाडवा

इसार दिला. काकूंनी बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं. गुढीची साखरेची गाठी कुणा पोरानं जाळीत अडकवली होती, ती मुंग्या लागायच्या आत काढली.

२७ एप्रिल, रविवार

संमतिपत्र झालं, उरलेले पैसे दिले, पावसाआधी गाडी हलवली. पुढची चाकं जाम होती. हब गरम करून, ड्रमवर लाकडी ठोकळा धरून ठोकल्यावर सुटली. रिमच्या लॉक रिंगा गंजलेल्या, म्हणून जुन्या टायरांत हवा भरायची हिंमत केली नाही. तसली रिंग उडाली तर माणूस जातो. चाकांखाली लोखंडी प्लेटा सारत, विंचनं ओढून ट्रेलरवर चढवली. कुपवाडला उतरवेपर्यंत अंधार झाला.

काम या क्रमानं: आधी चेसिसचा तो मागचा तुकडा, मग क्रँक, मग ब्रेक. केबिन शेवटी. रंगावर नाना आणि माझं जमत नाही. त्यांना निळा हवा, कारण त्यांनी ती निळी चालताना बघितलीय. मला पिवळ्याच्या खालचा हिरवा आवडलाय. तूर्त रेड ऑक्साइड.

४ मे

वॉटर पंपाची चिरलेली बॉडी घेऊन कोल्हापूरला, शिरोलीतल्या एका फाउंड्रीत गेलो. पॅटर्नवाल्यानं ती हातात फिरवली, आतली पाण्याची वाट बोटानं चाचपली, म्हणाला लाकडी पॅटर्न आणि कोअर बॉक्स दोन्ही नवीन करावे लागतील. ते एका नगासाठी परवडत नाही. निदान पाच नग ओतायचे. एक मला, एक राखीव. मशीनिंग मीच करणार. उरलेले तीन कुणाच्या पी-सिक्सला हवे असतील तर महिनाअखेरपर्यंत कळवा, त्यानंतर पॅटर्नवाला लाकडाला हात घालेल. इनलेटच्या फ्लँजचं माप आधी घ्या, माझ्या बॉडीला तीन भोकं आहेत.